राहू द्या आजी

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाच्या मीटिंगला एक गोष्ट झाली. तशी एवढीशीच, सांगण्यासारखी पण नाही. चहाच्या आधी लीस्ट कॉईनचा, प्रार्थनेबरोबर टाकायच्या लहान नाण्याचा डबा फिरत होता, म्हणजे जुना पावडरचा डबा, झाकणाला चीर पाडलेली, वर कधीकाळी कोणीतरी चिकटवलेला आणि आता अर्धा सोललेला क्रॉसचा स्टिकर. डबा मागच्या रांगेत मंडळातल्या एका आजींपर्यंत आला. आजींनी कनवटीची गाठ सोडायला घेतली, त्यांच्या बोटांना आता गाठी पटकन सुटत नाहीत, त्यामुळे डबा थांबला, आणि आमच्या खजिनदार ताई अगदी प्रेमाने, खरंच प्रेमाने, वाकून म्हणाल्या, राहू द्या आजी, तुमचं नको. डबा पुढे गेला. आजींनी अर्धी सुटलेली गाठ परत आवळली आणि समोर बघत बसल्या. मग चहा आला, खारी आली, कोणाच्या तरी नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो मोबाईलवर फिरले आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

ताईंचा हिशोब चुकीचा आहे असं कोणीच म्हणणार नाही. आजींना मंडळाकडून दर महिन्याला किराणा जातो, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहा पावडर, अंगाचा साबण. ज्या बाईला आपण देतो तिच्याकडूनच रुपया कशाला घ्यायचा, असं ताईंच्या मनात आलं असणार. आणि ताई म्हणजे कोरडी बाई नाही हो, रात्री अकराला कोणाच्या घरून फोन आला तरी पर्स उचलून दवाखान्यात जाणारी, कोणाकडे गॅस संपलाय कोणाची पेन्शन अडकलीये सगळं तिला माहीत. पण मी आजींचं तोंड बघितलं होतं. अपमान झालाय असं पण नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर, त्या नुसत्या एकदम पाहुण्यासारख्या बसल्या, आपल्याच चर्चमध्ये, जिथे त्यांचं लग्न लागलं, जिथे त्यांनी पोरांचे बाप्तिस्मे केले आणि जिथून नवऱ्याला शेवटचं नेलं.

लीस्ट कॉईनची गोष्ट आई आम्हाला लहानपणी सांगायची, संडे स्कूलच्या गोष्टींइतकीच पाठ होती. शांती सॉलोमन नावाच्या आपल्या भारतातल्या बाई १९५६ साली काही देशांतल्या ख्रिस्ती बायकांबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या आणि त्यांना कोरियाचा व्हिसाच मिळाला नाही. बाकीच्या पुढे गेल्या, या मनिलात मागे राहिल्या. तिथे थांबल्या असताना त्यांना वाटलं की माणसाला सीमेवर अडवता येतं, प्रार्थनेला कोण अडवणार? कोरियातल्या बायका तेव्हा नुकत्याच युद्धातून निघालेल्या, त्याआधी जपानी सत्तेखाली भरडलेल्या, आणि समेट वगैरे शब्द अशा बायकांना सांगायला सोपे नसतात. तर त्यातून निघालं ते हे, प्रत्येक वेळी प्रार्थना केली की आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं. सगळ्यात लहान, जास्त नाही. आई इथे नेहमी बोट वर करायची. श्रीमंत बाईने पण तेवढंच आणि मजुरी करणारीने पण तेवढंच, म्हणजे कोणी कोणापेक्षा जास्त दिलं असं होतच नाही. जगभरच्या बायकांची ती चिल्लर एकत्र होते आणि मग कुठल्या कुठल्या देशांत कामांना जाते. आईच्या देवळीत एक काचेची बरणी असायची, तिच्यात पाच पैशाची ती चौकोनी नाणी, दहा पैशाची नक्षीदार कडांची. रात्री दिवा बंद करायच्या आधी टण् असा आवाज यायचा, त्यावरून कळायचं आईची प्रार्थना झाली, आता बोललं तर चालेल.

आता लहान नाणं म्हणजे कोणतं हाच प्रश्न आहे म्हणा. चार आणे २०११ च्या जूनअखेर बंदच झाले. आठ आणे कायद्याने चालतात, पण दुकानदाराला देऊन बघा तो तुमच्याकडे कसा बघतो. म्हणजे रुपयाच आला, आणि तो पण पर्समध्ये नसतो कारण सगळं फोनवर. मंडळाच्या ग्रुपवर एका नव्या सुनेने विचारलं होतं, फोनपे केलं तर चालेल का? मग ताईंनी क्यूआर कोडचा फोटो टाकला आणि तासाभरात एकीने पाचशे रुपये पाठवून स्क्रीनशॉट टाकला, खाली बायकांनी हात जोडलेल्या इमोजींची रांग लावली, प्रेज द लॉर्ड, गॉड ब्लेस यू सिस्टर. माझी आई असती तर म्हणाली असती, अगं ते नाणं लहान असायला पाहिजे! पण पाचशेला कोण नाही म्हणणार. पाचशे घेतले आणि रुपया परत केला, असं झालं की नाही हे.

आमच्या नगरमध्ये (नाव बदललंय, कागदावर अहिल्यानगर लिहितो, तोंडात नगरच येतं) या बायकांच्या कामाचा अभिमान फार. मंडळाच्या वर्धापनदिनाला कोणीतरी उभं राहून फरारबाईंपासून सुरुवात करतंच. सिंथिया फरार, १८२७ साली अमेरिकेतून मुंबईला आलेली एकटी, बिनलग्नाची बाई, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, त्या बघून ज्योतिरावांच्या मनात मुलींच्या शाळेचं पक्कं झालं, आणि सावित्रीबाईंनी नगरला येऊन त्यांच्याकडे शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं. हे सांगताना सांगणारीची मान थोडी ताठ होते, माझी पण होते, खोटं कशाला बोलू. फक्त मला प्रत्येक वेळी वाटतं की फरारबाईंना वाड्यावाड्यात, वस्तीवस्तीत नेलं कोणी? मराठीत बोलणं कसं वळवायचं, कोणत्या घरात सासू झोपल्यावर जायचं, कुठे चप्पल काढायची, हे सांगणाऱ्या इथल्याच बायका असणार ना. त्यांची नावं कोणी घेत नाही, कारण ती आपल्याला माहीतच नाहीत.

माझी आजी त्यातलीच, नंतरच्या काळातली. बायबलबाई होती ती. मिशनकडून थोडा पगार, एक कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं, एक चित्रांची गुंडाळी, आणि तालुक्यातली चार-पाच गावं चालत पालथी घालायची. मूळचं घर महारवाड्यातलं, ते कोणाला सांगावं लागायचं नाही, गावाला ते माहीतच असायचं. काही घरांत ओसरीच्या खाली बसवायचे, पाणी वरून ओतायचे. आजी ओंजळ धरायची आणि प्यायची, म्हणायची तहान लागल्यावर रुसून काय करू. पण तिची एक युक्ती होती जी मला फार उशिरा कळली. ती कोणाच्या घरी जाऊन लगेच पुस्तक उघडायचीच नाही. बाई जात्यावर असली तर समोर बसायची आणि खुंट्याला हात लावायची. जिथे तिचा हात चालायचा नाही तिथे नुसती बसून ओव्या ऐकायची, आणि म्हणायची, ही मला शिकवा की. गावातल्या बायकांना गंमत वाटायची, ही मास्तरीण आपल्याकडून शिकती! दोन-तीन वेळा असं झालं की मग चौथ्या वेळी त्याच म्हणायच्या, तुझं ते काढ बरं पुस्तक, काय लिहिलंय त्यात. आजी म्हातारपणी पण तिच्या ओव्या आणि चर्चमधली गीतं एकाच आवाजात म्हणायची, कुठे एक संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं कळायचं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या गीतांना अभंग-ओवीच्या चाली दिल्या म्हणून आपण त्यांचं नाव घेतो, घ्यायलाच पाहिजे, पण आजीला ते काही फार नवीन वाटलं नसणार.

तिच्यामुळे किती बाप्तिस्मे झाले हे मिशनच्या रिपोर्टात कुठेतरी असेलही. तिने मला कधी तो आकडा सांगितला नाही. तिने सांगितलं ते अमक्या गावच्या पाटलिणीने सगळ्यांदेखत घरात बोलावून भाकरी वाढली ते, आणि भाकरीबरोबर कशाची चटणी होती ते.

आता आपलं आऊटरीच. हा शब्द मंडळाच्या मिनिट्समध्ये असाच लिहिला जातो. वर्षातून काही वेळा आम्ही दवाखान्यात फळं वाटायला जातो, नाताळाच्या आधी झोपडपट्टीत ब्लँकेट, एकदा वृद्धाश्रम. मी जाते, आवडतं पण, आणि प्रत्येक वेळी येताना रिक्षात थोडं विचित्र पण वाटतं. केळी आणि बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा, दुसरीने फोटो काढायचा, खाटेवरची बाई पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघते कारण तिला वाटतं बघायचं असतं. मागच्या वेळी एका बाळंतिणीच्या आईने विचारलं, तुम्ही कोणत्या पक्षाचे? पाथर्डीकडची होती, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, पोरीला फडावरूनच आणलेलं. ताई म्हणाल्या आम्ही पक्षाचे नाही हो, चर्चच्या. ती म्हणाली, बरं, मग इलेक्शन नाही ना आत्ता? आम्ही सगळ्या हसलो आणि ती पण हसली, पण तेवढ्यात दारातला एक माणूस रोखून बघायला लागला होता, ते पण आम्ही बघितलं. हल्ली हे असतं. आम्ही मंडळात ठरवून टाकलंय की वॉर्डात स्वतःहून प्रार्थना करायची नाही, पत्रकं तर नाहीच, कोणी म्हटलं करा तरच हळू आवाजात. काहींना हे पटलेलं नाही, त्यांना वाटतं आपण घाबरलो. मला वाटतं थोडं घाबरलो आणि थोडं शहाणे झालो, दोन्हीतलं किती कोणतं ते मला सांगता यायचं नाही. माझ्या आजीला तर ओसरीच्या खाली बसून सगळं करावं लागलं होतं.

पण त्या दिवशी मला चटका लागला तो वेगळा. त्या पाथर्डीच्या बाईने निघताना पिशवीतून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढले आणि माझ्या हातात कोंबले. मी घेतले. बाहेर आल्यावर एक मैत्रीण म्हणाली, अगं तिचे कशाला घेतलेस, तिलाच लागतील. मी काही बोलले नाही, शेंगदाणे खात राहिले, खरपूस होते, तव्यावर जरा जास्तच भाजलेले, मीठ लावलेले.

लहान असताना आई आम्हाला केडगावला घेऊन गेली होती, नगरचं केडगाव नाही, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात उपाशी, रस्त्यावर पडलेल्या मुली रमाबाईंनी बैलगाड्यांतून, रेल्वेने मुक्तीत, म्हणजे त्यांच्या तिथल्या आश्रमात, आणल्या हे सगळ्यांना माहीतच असतं. आईला मात्र त्या छापखान्याचं कौतुक. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या मुली-बायकांनी जुळवले. १९२२ ला बाई गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आलं. आई म्हणायची, ज्या पोरीला लोकांनी टाकून दिली तिच्या हातात त्यांनी आधी ताट दिलं आणि मग काम दिलं. नुसतं ताट देऊन थांबल्या असत्या तर आज तिथे काय राहिलं असतं गं? मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, मला फक्त तिथला आमटी-भात आठवतो आणि आंधळ्या बायका वेताच्या खुर्च्या विणतात ते बघताना त्यांची बोटं किती भराभर चालत होती ते.

अर्पणाचा विषय निघाला की आपल्या चर्चमध्ये बायबलमधली ती मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे दोन बारीक नाणी, टाकणारी गरीब विधवा येतेच. पाळकसाहेबांचं त्यावरचं प्रवचन आता आम्हाला इतकं ओळखीचं झालंय की कुठे ते थांबणार आणि चष्मा काढणार हे पण माहीत. ऐकणारे सगळे आपल्याला त्या विधवेच्या जागी बघतात, मी पण बघत आलेय. यावेळी ते ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं की त्या भांडारापाशी आमच्या मंडळातली कोणी उभी असती तर? बाई, राहू द्या, तुमचं नको. आणि येशू समोर बसून बघतोय. गोष्टच झाली नसती.

बायबलमधलीच दुसरी एक माझी आवडती म्हणजे टबीथा, जिला दुर्कस पण म्हणतात. ती मेली तेव्हा विधवा रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिने शिवलेले अंगरखे दाखवतात. मला नेहमी वाटायचं ते अंगरखे त्यांना दान मिळालेले, म्हणून रडतायत. एकदा मंडळातल्या या आजीच म्हणाल्या होत्या, अगं कापड एकीने धरलं असंल, धागा एकीने ओवला असंल, एकटी कशी शिवल एवढं. बायबलमध्ये असं कुठे लिहिलेलं नाही. पण चार बायका एकत्र बसून गोधडी शिवताना ज्याने बघितलंय तो आजींनाच मत देईल.

तर पुढचा किराणा द्यायला ताईंबरोबर मी गेले. आजींची खोली म्हणजे चर्चच्या मागच्या चाळीत, पुढे पत्र्याची पडवी, तुळशीवृंदावनासारख्या उंच कुंडीत सदाफुली, भिंतीवर येशूचं जुनं कॅलेंडर ज्याचं वर्ष संपलं तरी चित्र आवडतं म्हणून राहिलेलं. सलाम आजी, सलाम गं या. ताईंनी पिशवी ठेवली, वहीत सही घेतली (आजी अंगठा देत नाहीत, नाव लिहितात, सावकाश, शेवटच्या अक्षरावर रेघ जोरात ओढून) आणि निघायला लागल्या. आजी म्हणाल्या चहा ठेवते. ताई म्हणाल्या नको नको, दूध कशाला वाया घालवता. आजी म्हणाल्या दूध नाहीच, गुळाचा काळा करते. ताई म्हणाल्या, राहू द्या ना आजी.

आजींनी पायाने ती किराण्याची पिशवी हळूच ताईंकडे सरकवली. "मग हे बी राहू दे," म्हणाल्या. "तू माझं घेत नाय, म्या तुझं कशाला घेऊ?"

ताई दारात तशाच. मला हसू पण येत होतं आणि घाम पण फुटला होता. मग ताई खाली बसल्या, चटईवर, मांडी घालून, आणि शुगर असून तो गुळाचा चहा बशीत ओतून सगळा प्याल्या. आल्याचा तिखट जाळ लागला तशा खोकल्या पण. आजींनी त्यांना पाणी दिलं आणि मंडळात काय काय चुकतंय ते सांगायला घेतलं, बरीच यादी होती: गीतं फार वरच्या पट्टीत घेता, चहा पातळ, प्रार्थनेच्या विषयात दुसऱ्याच्या सुनेच्या भानगडी कशाला सांगता. हे शेवटचं अगदी खरं आहे. प्रार्थनेचा विषय म्हणून आमच्याकडे जे जे कळतं ते बाहेर कुठे कळणार नाही. त्या डब्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. परत येताना ताई रस्ताभर गप्प होत्या, मग रिक्षा स्टँडपाशी म्हणाल्या, आलं चांगलं होतं. एवढंच.

सध्या मंडळात धामधूम आहे ती मार्चच्या पहिल्या शुक्रवारची, जागतिक प्रार्थना दिनाची. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहून पाठवतात आणि जगभर त्या दिवशी तीच होते. २०२५ ला कुक आयलंड्स होतं, तेव्हा आम्ही नगरच्या बायका एकमेकींना किया ओराना, किया ओराना म्हणत हात मिळवत होतो, ही बेटं नकाशात शोधायला माझ्या पोराला पण वेळ लागला. २०२६ नायजेरियाच्या बायकांचं. विषय मत्तयातला, अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, हा, आणि पोस्टरवर डोक्यावर ओझी घेतलेल्या बायका. म्हणून कोणीतरी सुचवलं की आपण पण सुरुवातीला डोक्यावर घागर, पाटी, गाठोडं घेऊन आत यायचं. छान कल्पना, सगळ्या हो म्हणाल्या, आणि तालमीला कळलं की एकीला पण डोक्यावर काही धरून चालता येत नाही. पितळी घागर दोनदा आपटली. चुंबळ कशी वळायची हे पण कोणाला येईना, एकीने यूट्यूब लावलं.

आजी मागच्या रांगेतून उठल्या. ताईंचीच ओढणी मागून घेतली, पिरगळून चुंबळ केली, ताईंच्या डोक्यावर बसवली, घागर ठेवली आणि म्हणाल्या, रिकामी हाये म्हणून हलतीये, पाणी भरून आणा. पाळकीणबाई म्हणतायत पाणी सांडलं तर नवं कार्पेट खराब होईल, गेल्याच नाताळाला वर्गणी काढून घातलंय. आजी म्हणतात मग कार्पेट गुंडाळा. ताई पहिल्यांदाच आजींच्या बाजूने आहेत. पुढच्या बुधवारी यावर परत मीटिंग आहे.